नातीचा गल्ला

आमच्या आली गावातल्या जुन्या थडग्यांना आम्ही नुसतं टेकड्या म्हणतो. तिथे शेळ्या चरतात, लोक जुने टायर आणून टाकतात, आणि सगळ्यात मोठ्या टेकडीच्या पोटात माझ्या आजोबांनी खणलेली, मडकी भाजायची भट्टी आहे. भीती नाही का वाटत, असं बाहेरची गिऱ्हाइकं विचारतात. आतले हजारो वर्षं एकटे पडलेत बिचारे, तेवढीच ऊब, असं मी सांगतो.

त्या सकाळी तर मी हवेतच होतो. माझ्या लेकीला, हनीनला, लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते आणि पहाटेच तिला दवाखान्यात नेलं होतं. येणाऱ्या नातवंडासाठी मी मातीचा गल्ला घडवून भट्टीत ठेवला होता. भट्टी उघडायची, गल्ला घ्यायचा आणि थेट तिकडे पळायचं.

थोरल्या भावाने, मन्सूरने, भट्टीच्या तोंडाच्या विटा काढल्या. घागरी झकास भाजल्या होत्या. पण मागची भिंत ढासळली होती आणि गल्ला जागेवर नव्हता. भिंतीपलीकडे थडग्याची खोली होती.

मी त्या भगदाडातून खांद्यापर्यंत हात आत घातला. चाचपावंही लागलं नाही. गल्ला कुणी हातात द्यावा तसा आला.

काय लाल रंग चढला होता त्याला! असा लाल मला जन्मात जमला नव्हता. घागरींना हात लावला तर चटके बसत होते, हा मात्र गार. हलवला तर आत खुळखुळलं.

"काय टाकलंयस आत?" मन्सूरने विचारलं.

"काही नाही. मातीचा खडा सुटला असेल."

"ठेव परत, अबू हनीन." हनीनचा बाप, म्हणून सगळे मला अशीच हाक मारतात.

भिंतीपलीकडे घरंगळलेलं भांडं आमच्यात कुणी परत आणत नाही; ते आतल्यांचं झालं. ते मलाही ठाऊक होतं.

"दादा, मढ्यांना गल्ला कशाला? साठवून कुठे उधळणार आहेत?"

तो हसला नाही. "दुसरा घडव की. पोर अडलीय तिकडे, आज तरी हट्ट सोड."

तेवढ्यात जावयाचा फोन आला. मुलगी! दोघी सुखरूप! मी नाचलोच. मन्सूरला मिठी मारली, गल्ला शेजारच्या सीटवर ठेवला आणि गाडी पिटाळली. वाटेत हलवा घेतला. प्रत्येक वळणावर गल्ला खुळखुळत होता आणि मला हसू येत होतं.

हनीन दमली होती, पण चेहरा फुलला होता.

"बाबा, हिची मूठ बघा ना. आल्यापासून आवळलीय. नर्सलाही उघडू देत नाही."

"चिक्कू आहे लबाड! म्हणून तर गल्ला आणलाय."

मी तो बाळाच्या कानाशी हलवला.

आवाज नाही.

पुन्हा हलवला. उलटा केला. नाण्याच्या फटीतून काहीच पडलं नाही.

बाळाने सावकाश मूठ उघडली. तळव्यावर हरभऱ्याएवढा लाल खडा होता.

मी तो पटकन उचलला आणि तसाच टाकला. बोटाला चटका बसला होता.

बाळाचा तळवा मात्र त्या गल्ल्यासारखा गार होता.