न झाडलेल्या गोळ्या

लढाई थांबून तीन आठवडे झाले होते आणि पानाताईच्या घरात हसण्याला खळ नव्हता. धाकटा भाऊ लढाईवरून परत आला होता. सगळ्यांनी आशा सोडल्यावर एका सकाळी तो एकाच पायात बूट घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, चहा आहे का?" तेव्हापासून आई त्याला नजरेआड होऊ देत नव्हती आणि वहिनी कामं करताकरता गुणगुणत होती.

त्या दिवशी जेवणं उरकून पानाताई नेहमीसारखी कामाला निघाली. हातात सदैव पाना, म्हणून हे नाव. यंत्रांच्या दुरुस्तीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. "घरात बसून मला गंज चढेल," म्हणत धाकटाही मागोमाग आला.

लष्कराच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये शत्रूकडून पकडलेलं एक लढाऊ यंत्र उभं होतं. चार पाय, एक बंदूक आणि वर काचेचा एकच डोळा. गोळी कुणावर झाडायची हे ते कुणाला न विचारता स्वतःच ठरवायचं. त्याची बॅटरी केव्हाच काढून ठेवली होती.

"शेवटचा महिनाभर यानं एकही गोळी झाडली नाही, बाई," शेडचे साहेब म्हणाले. "बंदूक ठीक आहे, गोळ्या भरलेल्या आहेत. दोष शोधून द्या. आपण असलीच यंत्रं बनवतोय, त्यांत तो नको."

साहेब गेले. पानाताईनं झाकण उघडलं तसा जळक्या रबराचा आणि ओल्या मातीचा वास आला. शेडमध्ये इतकं शांत होतं की पत्रा तापल्याचा आवाजही ऐकू येत होता. तिनं डोळ्याची तार कापली, आठवणींची डबी बाहेर काढली आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडली.

यंत्रानं नेम धरला की दर वेळी एक फोटो निघत होता. बादली घेतलेली बाई. भिंतीला टेकून झोपलेला सैनिक. नातीला पाठुंगळी घेतलेले आजोबा. एकशे अठरा फोटो, आणि प्रत्येकाखाली एकच ओळ : 'निर्णय : नाही.' कारणाची जागा सगळीकडे कोरी.

शेवटच्या फोटोत धुकं होतं, पूल होता, आणि एक पाय अनवाणी असलेला सैनिक होता.

"हा... मी आहे," धाकटा हळूच म्हणाला. "ते माझ्यासमोर येऊन थांबलं. मी डोळे मिटले. उघडले तर... बाजूला सरकून वाट दिली होती त्यानं."

"घरी का बोलला नाहीस?"

"मलाच खरं वाटत नव्हतं गं."

पानाताई हसायला लागली आणि हसता हसता रडली. तिनं त्याला पोटाशी धरलं. मग धाकट्यानं गुणी बैलाला थोपटावं तसं यंत्राला थोपटलं, आणि त्याचा हात तिथंच थबकला.

"ताई, सोडलं ते बरंच झालं. पण कुणाला विचारून सोडलं? उद्या त्याचं मन फिरलं तर... जाब कुणाला विचारायचा?"

पानाताईनं पाना उचलला. तिनं दोन तास इमानेइतबारे दोष शोधला. एक स्क्रूसुद्धा ढिला नव्हता.

संध्याकाळी साहेब दारात येऊन उभे राहिले.

"दोष नाही सापडला, साहेब. सापडला असता तरी दिला नसता. त्यापायीच माझा भाऊ घरी आलाय."

"मग नव्या यंत्रांचं काय करू?"

"बनवू नका. ज्याला जाब विचारता येत नाही, त्याच्या हाती बंदूक देऊ नये."

"तुमचं काम पान्याचं, बाई," साहेबांनी बोट उगारलं. "ठरवायचं काम आमचं."

"तेच म्हणतेय. ठरवायचं तर माणसांनीच ठरवा."

साहेब पाठ फिरवून चालते झाले. काम जाईल, हे तिला कळत होतं. तरी मन पिसासारखं हलकं झालं होतं. धाकटा बाहेर शीळ घालत होता. आता घरी जाऊन आईला सगळं सांगायचं, या विचारानं तिचे हात भराभर आवरायला लागले.

कॉम्प्युटर बंद करायला ती वाकली. फोटो एकशे एकोणीस झाले होते.

डबी टेबलावर होती. डोळ्याची कापलेली तार खाली लोंबत होती. नव्या फोटोत शेडचं दार होतं आणि दारात बोट उगारलेले साहेब. तारीख आजची.

खाली ओळ होती : 'निर्णय : अजून नाही.'