याकोबमामांचं गाणं थांबलं तेव्हा

या, जरा जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगते.

शपथ घेणार नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना ती मना आहे. पण जे सांगते ते खरं आहे. मी तिथं होते.

२६ डिसेंबर २०२२. नाताळचा दुसरा दिवस. हर्सूलच्या पुढं, जटवाड्याकडचे डोंगर.

याकोब मकासरे, माझे मामा. देवभोळा माणूस. आमच्या चर्चमध्ये कीर्तन करायचे. मी लहानपणापासून त्या कीर्तनांची वेडी. आणि दुसरं वेड त्यांचं, डोंगर. दर नाताळाला चर्चमधल्या दहा-बाराजणांना घेऊन निघायचे.

उतरताना मामा नेहमी सगळ्यांच्या मागं. आणि गात.

"मागं कुणी राहिलं का, मेंढपाळा, पाहून घे..."

त्यांचाच नियम होता. गाणं ऐकू येतंय, म्हणजे मागं सगळं ठीक. थांबायचं नाही, उजेड जातो.

त्या दिवशी साडेचारला उतरायला लागलो. पुढं प्रणय, चर्चमध्ये तबला वाजवणारा. शेवटून दुसरी मी. माझ्या मागं वळणभर अंतरावर मामा. गाणं आणि काठीची टकटक.

खिंडीतला अवघड टप्पा मी उतरले. थोडी पुढं आले...

गाणं थांबलं.

मी ओरडले, "प्रणय, थांब रे! मामांचं गाणं बंद झालं."

"दम लागला असंल, ताई. साठी झाली त्यांची. सकाळपासनं करंज्या किती खाल्ल्या बघितलं नाय का?"

सगळे हसले. मीही हसले.

आणि तेवढ्यात... गाणं परत सुरू झालं.

"बघा," प्रणय म्हणाला. "चला आता."

पण आवाज जवळून येत होता. अगदी पाठीशी. दम लागल्याची खूण नाही. आणि काठीची टकटक...

ती नव्हतीच.

मी वळून पाहिलं. वाट रिकामी. वळणाआड असतील, असं मनाला सांगितलं.

मुद्दाम डिवचलं, "काय मामा, कीर्तनात आवाज चोरता आन् डोंगरात मोकळा सोडता व्हय?"

मामा टोमणा कधी फुकट जाऊ द्यायचे नाहीत. दुप्पट परत करायचे.

उत्तर आलं नाही.

गाणं मात्र चालूच.

तेव्हा परत फिरायला हवं होतं. माझे पाय अडलेही होते. पण नियम मामांचा होता, आणि गाणं चालू होतं.

चाळीस मिनिटं ते आमच्या मागं आलं. खाली गाड्यांपाशी पोचलो, तेव्हा शेवटच्या बाभळींमागून येत होतं.

मग थांबलं.

आम्ही वाट पाहिली.

बाभळींमागून कुणीच आलं नाही.

मामा सापडले ते त्या खिंडीच्या टप्प्याखाली. आम्ही पळत वर गेलो तरी पाऊण तास लागला होता. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टर म्हणाले, "पडल्यावर तासभर तरी जिवंत असावेत. लवकर आणलं असतं तर..."

मी विचारलं, "डॉक्टर, ते गात होते का हो?"

त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. "जबडा तुटलाय त्यांचा. शब्दसुद्धा निघाला नसता."

मातीच्या दिवशी पाळकसाहेब म्हणाले, "बघा, मरतानाही आत्म्यानं कळपाला सोबत केली!" लोकांनी "आमेन" म्हटलं. माझ्या तोंडून निघालं नाही.

कसली सोबत? ते गाणं गप्प राहिलं असतं, तर आम्ही मागं फिरलो असतो. दहा मिनिटांवर तर होते ते.

मामी, सुलेखामामी, एवढंच म्हणाली, "गाणं थांबलेलं तुला ऐकू आलं होतं ना गं?"

"व्हय, मामी."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चर्चमध्ये मी बाकावर बसले की ती उठून दुसरीकडं जाते. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

प्रार्थना अजून करते. श्रद्धा आहे. पण एक प्रश्न देवापुढंही मांडायची भीती वाटते. जो माणूस एकालाही मागं सोडत नव्हता, तो स्वतःला मागं ठेवून आम्हाला खाली का नेईल?

तो आवाज मामांचा नसेल... तर आम्ही वर जाऊ नये असं कुणाला वाटत होतं?

तुमचा देव कोणताही असो. हात जोडाल तेव्हा याकोब मकासरे हे नाव आठवा.

फक्त गाऊ नका. नुसतं नाव घ्या.