रोजची सोळा पानं

१९५९च्या फेब्रुवारीतल्या तिसऱ्या मंगळवारी, पश्चिम बर्लिनच्या एका ग्रंथालयात शुभा बर्वेने जर्मनमध्ये पुस्तक मागितलं आणि उत्तर मराठीत आलं.

“मिळेल. पण वाचता यायचं नाही.”

तिने चमकून वर पाहिलं. चिठ्ठीवरचं तिचं नाव वाचत एक उंच तरुण हसत होता. श्रीरंग आपटे, शिकायचा इंजिनिअरिंग, दुपारी इथे काम करायचा.

“का नाही? स्पॅनिश येतं मला.”

“तुम्हाला येतं हो... पुस्तकच अजून उघडलेलं नाही.”

खरंच होतं. त्या कवितासंग्रहाला साठ वर्षांत कुणी हात लावला नव्हता. छापून दुमडलेल्या कागदांच्या कडा तशाच जोडलेल्या. कडा वाचकाने कापायच्या नाहीत, ग्रंथालयाच्या माणसानेच कापायच्या, असा नियम. श्रीरंगने हाडाची बोथट सुरी घेतली आणि अगदी सावकाश — केसांतला गुंता सोडवावा तशी — पहिली सोळा पानं मोकळी केली.

“बाकीची उद्या. जुना कागद आहे, घाई चालत नाही.”

शुभाला घाई होती. महिनाअखेरीस या पुस्तकावरचं प्रकरण प्राध्यापकांना द्यायचं होतं. ते पसंत पडलं तरच शिष्यवृत्ती वर्षभर वाढणार, नाहीतर परत पुणे. पण हे तिने त्याला सांगितलं नाही.

रविवार सोडून आठ दिवस असेच गेले. रोज सोळा पानं. बाहेर बर्फ भुरभुरायचा, आत शुभा वाचायची. दक्षिण अमेरिकेतल्या त्या मॉडर्निस्ट कवींनी अख्ख्या स्पॅनिश कवितेला नवी लय दिली होती. उन्हाने तापलेल्या बंदरांत बसून ते राजहंसांची, संगमरवरी महालांची, निळ्या दूरदेशांची स्वप्नं बघत होते.

“म्हणजे माझ्या उलट,” श्रीरंग म्हणाला. “मी बर्फात बसून आंबोळ्यांची स्वप्नं बघतो.”

“कवी व्हायचं होतंत!”

“गेनाऊ! अगदी बरोबर! पण वाचणारी कुणी हवी ना...”

ती खाली बघून हसली. नंतर बराच वेळ एकच ओळ वाचत राहिली.

गुरुवारी तो रजेवर होता. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी उरलेलं पुस्तक वीस मिनिटांत कापून दिलं.

शुक्रवारी शुभा थेट त्याच्यासमोर उभी राहिली. “वीस मिनिटांचं काम आठ दिवस पुरवलंत?”

“एका दिवसात संपवलं असतं तर... तुम्ही परत आला असतात?”

“उद्या प्रकरण द्यायचंय मला! नाही पसंत पडलं तर मार्चमध्ये मी पुण्यात.”

त्याचा चेहरा उतरला. त्याने सुट्टी टाकली, कुणाचा तरी टाइपरायटर उचलून तिच्या वसतिगृहात आणला. ती लिहीत गेली, तो टाइप करत गेला. तिचा राग गेला नव्हता. पण त्याचा चहा गार झाला तेव्हा तिने दुसरा आणून ठेवला.

शनिवारी अकरा वाजता प्रकरण प्राध्यापकांच्या हातात पडलं. दोघं बाहेर आले.

“निकाल?” त्याने हळूच विचारलं.

“पंधरा दिवसांनी.”

“आणि... नाही म्हणाले तर?”

“तर पुण्याला येऊन माझ्या बाबांना तुम्ही सांगायचं — प्रकरण घाईत का उरकलं ते. खरं कारण.”

तो चालता चालता थांबला. “आणि हो म्हणाले तर?”

शुभाने त्याच्या बाहीवरचा बर्फ झटकला. हात मात्र लगेच काढला नाही.

“तर मीच लिहीन बाबांना... तेच कारण.”