कृष्णातचे पाणी

तहानलेल्या मृताची कथा करवीर भागात निदान तीन रूपांत सांगितली जाते. एका पाठात तो विहिरीच्या पायरीवर बसून वाटसरूकडे पाणी मागतो; दुसऱ्यात बाळंतपणात गेलेली बाई चुलीपाशी येऊन घागर पालथी करते; तिसऱ्यात उसाला पाणी पाजणाऱ्याच्या पुढ्यातला पाट आटत जातो. तिन्हींत मृत मागतो आणि जिवंत घाबरतो. बिद्रीकडच्या एका गावात अलीकडे रुजलेला पाठ मात्र उलटा आहे. इथला मृत पाणी मागत नाही. समोर ठेवलेले पाणी तो नाकारतो.

मेजर आफशीन मुजावर सैन्यात शल्यचिकित्सक होती, मूळची कोल्हापूरचीच. सीमेवरची चकमक संपल्यावर पहिल्याच रजेत ती त्या गावी, चकमकीत गेलेल्या कृष्णात या जवानाच्या आईला, बाळाबाईंना, भेटायला गेली. ऐन दुपार होती. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास साऱ्या गावावर बसला होता. बाळाबाईंनी रीतीप्रमाणे गूळ आणि तांब्याभर पाणी पुढे ठेवले.

"आदी पाणी घ्या. बोलायचं मागनं. मेजर म्हंजे कोन मिशाळ गडी येणार, आसं वाटलं हुतं की!"

आफशीनने तांब्याला हात लावला नाही. या घरी ती एक गोष्ट कबूल करायला आली होती. ती सांगण्याआधी इथले पाणी घशाखाली उतरणार नव्हते.

युद्धभूमीवरच्या इस्पितळात जखमींच्या मनगटाला रंगीत पट्ट्या बांधतात. काळी पट्टी म्हणजे याच्यावर आता उपचार नाहीत. त्या दिवशी शस्त्रक्रियेचे टेबल एकच होते, आणि वरून हुकूम होता : आघाडीवर लवकर परतू शकतील ते आधी. पोटात गोळी लागलेला कृष्णात कदाचित वाचला असता. पुन्हा बंदूक मात्र उचलणार नव्हता. आफशीनने त्याला काळी पट्टी बांधली.

तिची बोली ओळखून तो हसला होता. "बाई, तुमी आमच्याकडल्या व्हय? मग घोटभर पाणी द्या की."

आता पाणी दिल्याने त्याचे काही बिघडणार नव्हते. पण शस्त्रक्रिया व्हायची असलेल्याला पाणी देत नाहीत; ते दिले असते, तर आपल्याला सोडून दिले आहे हे त्याला त्याच क्षणी कळले असते. "ऑपरेशन आहे तुझं," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत पाणी नाही."

त्याने शहाण्यासारखी मान डोलावली. मरेपर्यंत पुन्हा मागितले नाही.

बाळाबाई आतल्या खोलीच्या अंधाऱ्या दाराकडे पाहत होत्या. तिथे मांडलेल्या पाटासमोर पाण्याने काठोकाठ भरलेले भांडे होते. मळीच्या वासातून आता स्पिरिटचा वास येऊ लागला.

"भरून ठेवायचं रोज. शिवत न्हाय."

"कोण?"

"माझा कृष्णात. 'आये, आत्ता नगं,' म्हणतोय. 'ऑपरेशन हाय... बाईंनी सांगू दे.'"

तिचे त्या दिवशीचे शब्द तिने आजवर कुणालाच सांगितले नव्हते.

"कोन बाई, ठावं न्हाय," बाळाबाईंचा आवाज खाली आला. "तुमी डाक्टर हाय न्हवं? तुमीच सांगा की त्याला. पोरगं सुकलंय वो..."

सांगितले तर त्याची तहान भागणार होती. पण त्याच शब्दाने त्याच्या आईलाही सारे कळणार होते. अजूनही एखादे खोटे बोलून उठता आले असते. आफशीन दारापर्यंत गेली. उंबरा तिला ओलांडवला नाही.

"कृष्णात..." ती म्हणाली. "पी आता."

आत काहीच हलले नाही. मग घोट गिळल्याचा आवाज आला. मग सलग, अधाशी. भांडे रिकामे झाले.

"म्हंजे..." आतून अगदी दबका आवाज आला, "ऑपरेशन न्हाय व्हय, बाई?"

"नव्हतंच."

बाळाबाई तिच्याकडे वळल्या.

"ती बाई तुमीच."

मग त्यांनी पाहुणीपुढचा तांब्या उचलला, गुळाची वाटी उचलली आणि दोन्ही आत नेऊन ठेवले. तांब्याही रिकामा झाला. बाळाबाई घागर आणायला उठल्या.