अष्टपुत्रेचा जेठा

त्या वर्षी कृष्णाकाठी साखरपुडे झाले, पण एकाही पुड्यात साखर नव्हती. सबंध गावात मिळून खऱ्या उसाच्या साखरेची एक काचेची कुपी उरली होती आणि तीच एका मांडवातून दुसऱ्या मांडवात फिरायची. वरपक्षानं ती नवरीच्या हातात द्यायची, अक्षता पडायच्या, फोटो निघायचा, की कुपी परत. बाहेरून येणारी बिटाची साखर चहाला चालायची, शकुनाला तिला कुणी हात लावत नसे. रायगोंडा म्हणायचा, गावातल्या कुठल्याही म्हातारीपेक्षा या कुपीनं जास्त सोयरिका जुळवल्यात.

तीन वर्षांमागं उसावर पांढरी मर आली होती. सकाळी हिरवा दिसलेला फड संध्याकाळी म्हाताऱ्याच्या मिशीसारखा पांढरा. पहिल्या वर्षी ऊस गेला, दुसऱ्या वर्षी बेणं गेलं, म्हणजे पुढच्या लागणीसाठी राखलेल्या कांड्यासुद्धा गेल्या. नदीच्या दोन्ही काठांना जिथं पूर्वी माणूस हरवला तर तोडणीलाच सापडायचा, तिथं आता इकडून बघितलं तर तिकडच्या गावातलं वाळत घातलेलं लुगडं दिसायचं.

उरला होता तो एक गुंठा. गावाबाहेरच्या ऊस-केंद्रात डॉ. ऋजुता चौगुलेनं मर येण्याच्या आधीपासून, सात वर्षं खपून एक नवं वाण तयार केलं होतं, आणि त्याला पांढरी मरही शिवत नव्हती. काचघरात होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या कांड्या तिनं त्या गुंठ्यात लावल्या. दोनशे चाळीस बेटं. दिवाळीपर्यंत त्यांतून बेणं निघालं तर गावोगाव वाटायचं. नाही निघालं तर केंद्र बंद आणि साऱ्या काठावर सौरपत्रे, असं वरून ठरूनच आलं होतं. रायगोंडा त्या गुंठ्याचा राखणदार. आणि भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बोलावलं होतं मालनला.

मालन म्हणजे काठावरची जेठा मोडणारी. कांडीवरचा डोळा फुटून पहिला कोंब वर येतो तो जेठा. त्याच्या बुडातून मग फुटवे निघतात, पंधरा-वीस, आणि निम्मे पुढं सावलीत गुदमरून वाळून जातात. जेठा वेळेवर मोडला तर फुटवे जास्त आणि एकसारखे येतात, म्हणून दीड महिन्याच्या लागणीत बायकांची टोळी शिरायची. अंगठा आणि पहिलं बोट बुडाशी न्यायचं, कट्. मालनची टोळी अकरा जणींची, आणि तिचा अंगठा तीस वर्षांत इतका तयार झालेला की रायगोंडाच्या सांगण्याप्रमाणं तिनं झोपेत कूस बदलली तरी उशाची वाकळ दोन ठिकाणी मोडायची.

पण इथं बांधावर फळी लावली होती : जेठा मोडू नये. मालननं ती वाचली आणि हसली.

ऋजुतानं तिला बसवून सांगितलं. या वाणात सगळी करामत जेठ्यातच आहे. जेठ्यात एक निरोप-रस तयार होतो. तो बुंध्यात उतरला की दुबळ्या फुटव्यांना कळतं, आपण थांबायचं. ते नुसते वाळत नाहीत. आपल्यातलं पाणी, आपल्यातली साखर बुंध्याला परत करतात आणि मगच वाळतात. बरोबर आठ उरतात, आठही मनगटाएवढे. म्हणून लोकांनी नाव ठेवलं होतं अष्टपुत्रा.

"म्हंजे जेठा ही सासू," मालन म्हणाली. "कुणी नांदायचं, कुणी न्हाई, ती सांगणार."

"सासू मोडायची नाही, एवढंच ध्यानात ठेवा मावशी."

"न्हाई मोडत. माझीबी मला मोडली नव्हती."

चैत्रातली सकाळ होती. दुपारी प्रत्येक जेठ्याला नाडीपट्टी बांधायची होती, म्हणजे रस किती चाललाय ते ऋजुताला मनगटावरच्या काचेत दिसलं असतं. त्याआधी तण काढून घ्यायचं. ऋजुता लिंबाखाली पट्ट्या जुळवत बसली आणि सहज म्हणाली, मावशी, पूर्वीचा ऊस कसा असायचा सांगा की.

झालं. मालनला कुणी असं विचारलं की गाव कामाला मुकायचं. ती सांगत निघाली. तिच्या आज्याच्या मळ्यात म्हणे असा ऊस यायचा की ओढ्यावर एक आडवा टाकला आणि वरून भरली बैलगाडी गेली. शेंड्याच्या वाढ्यात घार अंडी घालायची. एकदा त्यातलं एक कांडं पिळलं तर रसात म्हैस बुडाली, आणि बाहेर काढली तर पुढं वर्षभर गोडच दूध देत होती. ऋजुता पट्ट्या जुळवता जुळवता हसत होती. रायगोंडा मध्येच, म्हशीचं नाव काय, असं विचारून तिला चेव आणत होता. आणि मालन ओळीमागून ओळ सरकत होती, डाव्या हातानं तण उपटत होती, तोंडानं म्हैस बाहेर काढत होती.

उजवा हात काय करत होता, ते मालनलाही माहीत नव्हतं.

शेवटच्या सरीत टिटवीची चार अंडी होती. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तशी मालननं त्या कोपऱ्याला वळसा घातला, कंबर सरळ केली, मागं वळून बघितलं आणि तिची गोष्ट तिथंच तुटली. सबंध गुंठाभर जेठे आडवे पडले होते. दोनशे एकोणचाळीस. उभा होता तो फक्त टिटवीपाशी.

ऋजुता आली, खाली बसली, एक कोंब उचलून बघितला आणि तो परत बुडाशी टेकवून ठेवायला लागली, लहान मूल मोडलेली बाहुली ठेवतं तसा. मालननं उजवा हात पदराखाली घेतला. तो घरी जाईपर्यंत तिनं बाहेर काढला नाही.

पुढं जे झालं ते गावात आधी आनंदानं सांगितलं गेलं. अष्टपुत्रेला फुटवे आले. वीस आले, चाळीस आले, नव्वद आले. थांबा म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून कुणी थांबलं नाही, कुणी मेलं नाही. एकेक बेट केरसुणीसारखं, कोंब दाभणाएवढे. आणि अशा कोंबाला कांडं धरत नाही. कांडं नाही तर डोळा नाही, डोळा नाही तर बेणं नाही.

मालन आपल्या अकरा जणींना घेऊन आली. जेठ्यानं करायचं ते आपण हातानं करू, असं तिनं ठरवलं. आठ ठेवायचे, बाकीचे उपटायचे. दहा दिवस त्या बायका मुकाट उपटत होत्या. एक उपटला की तिथं दोन. शेवटी ऋजुतानं त्यांना थांबवलं. "मावशी, उपटलेला फुटवा आणि मेलेला फुटवा एक नाही. मरणारा घरचं परत देऊन जातो. उपटलेला नुसती जखम करून जातो. बुंधे रिकामे होत चाललेत."

ज्येष्ठात बेटं आतून कुजायला लागली. रोज पाच-सहा. टोळीतल्या दोघी इचलकरंजीला मागावर गेल्या, तिसरी मुलाकडं पुण्याला. मालनला जाताना कुणी बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवेना.

मग ऋजुतानं शेवटचा उपाय काढला. टिटवीजवळच्या जेठ्यातून सुईनं रस काढायचा. दोन थेंब निघाले. पहिला थेंब चौथ्या ओळीतल्या एका बेटाला, जिथं मालननं जेठा मोडला होता त्याच खळग्यात दिला. दुसऱ्या दिवशी त्या बेटात पिवळं पान दिसलं. उसात पिवळं पान बघून कुणाच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलेलं काठावर कुणी पाहिलं नव्हतं. नव्वदाचे साठ झाले, तीस झाले, सतरा झाले. उरलेले जाड होऊ लागले. मालन रोज सकाळी मोजायची. अकरा. आठ.

रायगोंडानं पेढे आणले, बिटाच्याच साखरेचे. खाऊन झाले आणि दुसऱ्या सकाळी बेटात पाच होते. मग दोन. मग नुसती माती.

ऋजुताला तेव्हा उमगलं. जेठा नुसता निरोप धाडत नाही, खालचं ऐकतोही. आठ उरले की तोच तोटी बंद करतो. "थेंबाला कान नाहीत, मावशी. तो सांगत सुटतो."

त्याच आठवड्यात सुईच्या जखमेतून तो एकुलता एक जेठाही वाळला. टिटवीची पिल्लं केव्हाच चालती झाली होती. आता गुंठ्यात जिवंत बेट एकच होतं, त्याच जेठ्याचं, आणि त्यालाही जेठा नव्हता. कालपर्यंत आठ धरून बसलेलं, आता दर दिवसाला दहा नवे कोंब काढत होतं. आणि काढलेल्या रसाचा थेंबही एकच उरला होता.

"द्यायचा?" ऋजुतानं विचारलं. तिचा आवाज असा होता की जणू तीच टोळीत नवी आलीय.

"न दिला तर कुजणार. दिला तर मरणार." मालन मातीत बसली. "थेंबाला कान न्हाईत म्हणतीस. मग कान मी होते."

वाळलेला जेठा काढून त्याच्या खळग्यात थेंब दिला. मालनचं म्हणणं साधं होतं : रस खळग्यात असेपर्यंत निरोप चालतो, वेळेवर तो खळगा पुसून ओल्या मातीनं बुजवायचा. पण जो रस आधीच खाली उतरला, तो पुढंही दोन-तीन दिवस आपलं काम करणार. म्हणजे आठ दिसल्यावर बुजवून उपयोग नाही, त्याच्या आधी. किती फुटवे उरले असताना? ऋजुतानं काचेत आकडे मांडले. एकदा बावीस आले, एकदा चौदा. मागचं एकच बेट, त्यावरून काय मांडणार?

मालननं काच बघितली नाही. ती बेटाच्या बुडाशी हात घालून बसायची, फुटवे एकेक चाचपायची. वाळायचा फुटवा आधी बुडाशी गार लागतो असं ती सांगायची. खरं की तिच्या म्हशीसारखं, कुणी विचारलं नाही. चौथ्या सकाळी एकोणीस उभे होते आणि ती एकदम म्हणाली, "बास." ज्या अंगठ्यानं मोडलं, त्याच अंगठ्यानं तिनं खळगा पुसून काढला, चिखल दाबला आणि अंगठा तिथंच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली. जणू काढला तर खालून कुणी काही बोलेल.

पाचव्या दिवशी चौदा. सहाव्या दिवशी दहा. सातव्या दिवशी ऋजुता बांधावरच थांबली, तिनं मोजायला नकार दिला. मालननं मोजले. आठ.

आठव्या दिवशीही आठ.

रायगोंडा पेढे आणायचं नाव काढेना. नवव्या सकाळी तिघंही बेटाभोवती बसले होते. आठही ताठ, आठही हिरवेगार, सात शेंड्यापर्यंत. आठव्याच्या एका पानाचं टोक, नखाएवढंच, पिवळं.

"ऊन असेल," ऋजुता म्हणाली.

"असंल," रायगोंडा म्हणाला.

मालनचा उजवा हात आपोआप पुढं निघाला होता, अंगठा आणि पहिलं बोट जुळलेलं. तिनं तो डाव्या हातानं धरला, मागं नेला आणि त्यावर बसली.

"मोजा की गं कुणीतरी," ती म्हणाली. "मी आता हात लावत न्हाई. आठच हाईत न्हवं अजून?"