कॅलिस्टेची तहान

सुरईच्या मानेत ओतलेली वाइन लगेच खाली जात नाही. आधी काठापर्यंत चढते, क्षणभर थबकते, मग मधोमध खळगा पडून सावकाश झिरपते.

ट्रिफेराने हे दर वर्षी पाहिलं होतं. म्हणूनच त्या दुपारी काय वेगळं घडलं, ते तिला नेमकं सांगता आलं. ती आमच्याच गल्लीतली. पदरचं काही घालून सांगणारी बाई नव्हे. आजही ती भरलेला पेला हातातून खाली ठेवत नाही.

ऑस्टिया बंदराबाहेरच्या रस्त्यालगत गरिबांच्या कबरी आहेत. वर दगड नाही, जमिनीतून फक्त सुरईची मान वर आलेली. जिवंतांनी त्यातून ओतायचं, मेलेल्यांनी खाली प्यायचं.

त्यातल्या एकीखाली कॅलिस्टे होती.

ट्रिफेराच्या नवऱ्याची, ऑनेसिमसची, पहिली बायको.

ऑनेसिमस होड्यांच्या फटींत डांबर माखलेला ताग ठोकायचा. घरी दोघं आंबूस वाइन पाणी घालून प्यायची. कॅलिस्टेसाठी मात्र तो गोड, जुनी वाइन आणायचा.

तिच्याशेजारी एकाच माणसाची जागा उरली होती. ट्रिफेराला ती नको होती. तिला नवऱ्यासोबत दुसरीकडे, कॅलिस्टेपासून लांब जागा हवी होती. कितीदा विचारलं. तो म्हणायचा, बघू.

नणंद सेकुंडाने तर एकदा विहिरीवर चारचौघींत विचारलं, "वहिनी, ती जागा माझ्या भावाची. तुझी सोय कुठे गं?"

बायका हसल्या. ट्रिफेराही हसली.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याच्या टोपलीतला ताग उचलला, कॅलिस्टेच्या कबरीवरच्या सुरईच्या मानेत खोल ठोकून बसवला आणि वर गरम डांबर ओतलं. होडीत समुद्र शिरत नाही, तर हिच्या घशात काय उतरणार?

आणि मग...

घरातला पाण्याचा रांजण रिकामा होऊ लागला. खाली ओल नाही. तडा नाही.

एकदा तिने पेला भरला, पाव घ्यायला वळली. परत पाहते तो...

पेला रिकामा.

काठावर ओठांचा ठसा होता. काळा. डांबराचा वास येणारा.

त्या दिवसापासून ती कितीही प्यायली तरी घसा कोरडाच.

हिवाळा सरता सरता मृतांचे दिवस आले. व्हायोलेटची फुलं, मिठाचा पाव घेऊन दोघं गेली. भर दुपार होती. ऑनेसिमसने सुरईत वाइन ओतली. आता ही उतू जाणार, म्हणून ट्रिफेरा श्वास रोखून उभी.

वाइन काठापर्यंत चढली. थबकली...

आणि एकदम गेली. झिरपली नाही. घोट घेतल्याचा आवाज आला.

त्याने पुन्हा ओतली. पुन्हा घोट.

"तहानलीय बिचारी," तो म्हणाला आणि फुलं आणायला वळला.

ट्रिफेराने मानेत हात घातला. तागाचा बोळा जागच्या जागी होता. दगडासारखा घट्ट. ठणठणीत कोरडा.

वाइन संपली होती. घोट मात्र चालूच होते...

ऑनेसिमस परत आला. शेजारच्या मोकळ्या जमिनीकडे त्याने पाहिलं. मग इतकी वर्षं जे टाळलं, ते शांतपणे बोलला.

"ठरलं माझं. ही जागा तुझी. दोघींना एकाच सुरईतून पाजेन."