सव्वीस ऑपरेशनं आणि एक हरकत

झेरॉक्सच्या दुकानात वीज गेली आणि माझ्या पुढचा माणूस म्हणाला, "झालं! आता उद्या त्या पुण्याच्या तपासनीसबाईंना काय हाताने लिहून देऊ?"

तपासनीसबाई म्हणजे मीच. पण हे त्याला कसं ठाऊक असणार? मी त्याच्या मागे उभी राहून छत्रीचं पाणी झटकत होते, इतकंच.

रत्नागिरीत जूनचा पाऊस कोसळत होता. तो माणूस केसांपासून चपलांपर्यंत भिजलेला, पण त्याच्या हातातल्या खताच्या पिशवीतल्या फायली मात्र कोरड्या ठणठणीत. मला हसूच आलं. त्याने वळून पाहिलं आणि... काय सांगू, त्या अंधाऱ्या दुकानात त्याचे डोळे तेवढे नीट दिसले, आणि मला ते आवडले. खोटं कशाला बोलू?

"तुमची किती पानं?"

"चार."

"मग वीज आली की आधी तुमची काढा. माझी सव्वादोनशे आहेत."

मी ती चार पानं पटकन छातीशी धरली. पहिल्याच पानावर त्याच्या हॉस्पिटलचं नाव होतं, आणि खाली ठळक अक्षरांत 'तपासणी सूची'. "नको — तुम्हीच आधी काढा."

"अहो, चारच तर पानं. एवढी लपवताय... प्रेमपत्र आहे की काय?"

"असंच काहीतरी."

"मग झेरॉक्स कशाला? किती जणांना वाटणार?"

दुकानदार खुदकन हसला. मी लाल झाले. बोलायला विषय हवा म्हणून विचारलं, "आणि तुमच्या एवढ्या फायली कसल्या?"

मग मात्र त्याचा सूर बदलला. "सरकारी आरोग्य विम्याच्या. पुण्यात कुणीतरी एसीत बसून सूत्र काढलंय. एखादं ऑपरेशन एका महिन्यात सरासरीच्या तिप्पट झालं, की हॉस्पिटल लाल. लाल म्हणजे चोर. योजना बंद! ते गाढव एकदा समोर यायला हवं..."

"गाढव कशावरून? बाईही असू शकते."

"असेल. सापडली तर विचारीन तिला, समुद्र कधी बघितलायत का म्हणून."

वीज आली. मी काहीतरी विसरल्याचं सांगितलं आणि चार पानं तशीच घेऊन बाहेर पडले. कारण ते सूत्र माझं होतं.

चार वर्षं मी पुण्यात एका सल्लागार कंपनीत हेच काम करतेय. राज्यभरातून येणारे लाखो क्लेम चाळायचे, त्यांतले खोटे हुडकायचे आणि नियम कुठे सैल पडतात ते सरकारला सांगायचं. माझ्या त्या सूत्राने खरे चोर पकडलेत. गरज नसताना बायकांच्या गर्भपिशव्या काढणारं एक हॉस्पिटल त्यानेच बंद पाडलं. मला त्याचा अभिमान होता. आणि हा भिजलेला माणूस मला गाढव म्हणत होता!

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या योजना विभागाच्या दारात मी उभी राहिले, तेव्हा तो खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच थांबला.

"तुम्ही..."

"स्वानंदी. पुण्याहून आलेय. तपासणीला."

"सर्वेश भाटकर," तो म्हणाला. मग माझ्या हातातल्या पानांकडे बघून अगदी हळू, "प्रेमपत्र आमच्याच नावाचं होतं तर."

मी हसले नाही. हसून चालणारच नव्हतं. वीस खाटांचं हे हॉस्पिटल डॉक्टर उमा चालवत होत्या. साठीच्या, कमी बोलणाऱ्या, हात विलक्षण स्थिर. एरवी तिथे महिन्याला हर्नियाची दोन-तीन ऑपरेशनं व्हायची. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात झाली होती सव्वीस. सोळा तारखेला योजना थांबवली गेली, तेव्हा आणखी अकरा जण रांगेत होते. माझा अहवाल पाच दिवसांत जायचा होता. 'खोटं' लिहिलं असतं तर हॉस्पिटल कायमचं बाहेर, 'खरं' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशनं सुरू.

"पेशंट बघायचेत मला. सगळ्यांच्या घरी जाऊन," मी म्हणाले.

"रिक्षा जात नाही सगळीकडे. माझ्या स्कूटरवरून चालेल?"

चालायला नको होतं. पण चाललं.

पहिल्या दिवशी त्याने छत्री माझ्या लॅपटॉपवर धरली. दुसऱ्या दिवशी माझ्यावर. तिसऱ्या दिवशी स्वतःचा रेनकोट मला देऊन तो पावसात गाडी चालवत राहिला, आणि मी मागे बसून त्याच्या ओल्या मानेकडे बघत 'तपासनीस आहेस तू, तपासनीस' असं स्वतःला बजावत राहिले. काही उपयोग झाला नाही.

घरोघरी फिरताना फजितीही व्हायची. गुरुप्रसाद नावाच्या एका धिप्पाड खलाशाला मी विचारलं, "ऑपरेशन खरंच झालं ना?" तर तो लुंगीच्या गाठीला हात घालत म्हणाला, "झाला म्हंजे? दाखवतो ना!"

"नको, नको! कागद पुरेत!"

सर्वेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे गदगदत होते.

"पण सगळ्यांनी जूनमध्येच कसं केलं?" मी गुरुप्रसादभाऊंना विचारलं. मला वाटलं, आता अडखळतील.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाय, दोन म्हयने मासेमारी बंद. बोटी वर काढल्या. आता नाय कापून घेतला तर कदी घेनार? जूनमदी टाके पडले की जुलैभर पडून र्‍हायचा. ऑगस्टला बोट सुटली की जाळा ओढायला माणूस तयार."

मी सूचीतला तो प्रश्न खोडून टाकला.

मी रत्नागिरीजवळच्या पावस गावची; तपासणीपुरती घरीच उतरले होते. आमची हापूसची कलमं आहेत. माझ्या बाबांनी — भास्करदादांनी, अख्खा गाव त्यांना याच नावाने हाक मारतो — मोतीबिंदूचं ऑपरेशन आंबा संपल्यावर केलं होतं. 'हंगामात मेलो तरी सांगू नका, पेट्या आधी जाऊ दे,' असं म्हणणाऱ्या माणसाची मी मुलगी. आणि मीच पुण्यात बसून वर्षाला बाराने भागलं होतं, जसं काही माणसं दर महिन्याला सारखीच मोकळी असतात!

त्याच दिवशी आम्ही मोरू तांडेलांकडे गेलो. ते रांगेतल्या अकरांपैकी पहिले. तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख, बोटीवरच्या सगळ्यांचा जीव त्यांच्या हातात. गेल्या वर्षी किनाऱ्यापासून आठ तासांच्या अंतरावर, भर समुद्रात त्यांचं आतडं हर्नियात अडकलं होतं. कसंबसं आत गेलं म्हणून वाचले.

"दुसरीकडे नंबर ऑगस्टातला देतायत," त्यांची बायको बकुळा म्हणाली. "आन् ऑगस्टात ह्ये थांबनार नायत. मी वळखते यांना." मग कोऱ्या चहाचा कप माझ्या हातात देत तिने सर्वेशकडे डोळे मिचकावले. "मेल्या, ह्या बायला एवढी पावसात फिरवतोस, सर्दी झाली तर तूच काढा करून देशील काय?"

"देईन की," तो म्हणाला.

मी एवढा मोठा घोट घेतला की जीभ भाजली. त्याने ते पाहिलं, त्याने पाहिल्याचं मी पाहिलं, आणि दोघांनीही दुसरीकडे बघितलं.

परतताना भाट्याच्या किनाऱ्यावरच्या सुरूबनाशी पावसाचा जोर इतका वाढला की स्कूटर थांबवावी लागली. आता नाही तर कधीच नाही, असं वाटून मी म्हणाले, "सर्वेश... ते सूत्र माझं आहे."

त्याने स्कूटरची किल्ली काढून खिशात टाकली. पाणी त्याच्या भुवयांवरून ओघळत होतं.

"म्हणजे दुकानात तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. आणि वर इतके दिवस माझ्या मागे बसून फिरलात."

"सांगायचं होतं. धीर झाला नाही."

"पुण्याच्या माणसाने केलं असतं तर मी समजून घेतलं असतं," तो म्हणाला. "पण तुम्ही पावसच्या. भास्करदादांची मुलगी. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

खरंच होतं ते. रोजच्यासारखं त्याने मला पावसला घरी सोडलं आणि एक शब्द न बोलता गाडी वळवली. त्या संध्याकाळी आईने केलेले घावणे तसेच ठेवून मी फायली उघडल्या.

उरलेले दोन दिवस तो येत राहिला, पण 'मॅडम, इकडे सही', 'मॅडम, पुढचं घर' — बस्स. मी सव्वीसच्या सव्वीस घरं पुरी केली. बंदरावरच्या नोंदींतून बोटी वर काढल्याच्या तारखा मिळवल्या आणि ऑपरेशनच्या तारखांशेजारी मांडल्या. प्रत्येकाची बोट आधी वर आली होती, ऑपरेशन त्यानंतर आठवड्याभरात. अहवालात स्वच्छ लिहिलं : क्लेम खरे आहेत, चूक सूत्राची आहे, सूत्र मी केलेलं आहे.

पाचव्या दिवशी दुपारी अहवाल पोर्टलवर चढवला आणि शेवटच्या पानावर अडकले. 'या रुग्णालयातील कोणाही व्यक्तीशी आपले वैयक्तिक नाते अथवा हितसंबंध आहेत काय? होय / नाही.'

एरवी मी हे पान न वाचताच 'नाही'वर टिचकी मारायची. आज बोट उचलेना. 'होय' लिहिलं तर अहवाल दुसऱ्या तपासनीसाकडे जाणार. त्याला पंधरा दिवसांची मुदत, म्हणजे जुलै उजाडणार. मग मोरू तांडेलांना टाके पडून विश्रांती घ्यायला पुरेसा वेळ उरत नाही. ते तसेच समुद्रावर जाणार. आणि 'नाही' लिहिलं तर... ते खोटं होतं.

मी सर्वेशला फोन लावला. पान वाचून दाखवलं.

"'नाही' लिहा," तो ताबडतोब म्हणाला.

"पण..."

"पण काय? तुमचं माझं आहे काय? तुम्ही तपासायला आलात, मी घरं दाखवली. काही नाही आपल्यात. लिहा 'नाही'."

"सर्वेश, खरंच काही नाही?"

तो म्हणाला, "अकरा माणसं थांबलीत, मॅडम," आणि फोन ठेवला.

मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम आलं. तो माझ्यासाठी बोलत होता की मोरूकाकांसाठी, काही कळेना. पण इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकलेय. एका खोट्या रकान्याने अख्खी फाईल सडते. उद्या कुणी म्हणालं, 'ती तर त्याच्या स्कूटरवरून फिरायची,' तर हे सव्वीस खरे क्लेमही खोटे ठरतील, आणि हॉस्पिटल पुन्हा कधीच उभं राहणार नाही.

मी 'होय'वर टिचकी मारली. खाली रकाना उघडला : 'नात्याचे स्वरूप.' मी लिहिलं — 'योजना विभागातील श्री. सर्वेश भाटकर यांच्यावर माझे प्रेम आहे. एकतर्फी.' पाठवून दिलं.

लगेच मुकुल सरांना फोन केला. दुसरे तपासनीस तेच. नियमांचा माणूस, हसणं बेताचंच.

"सर, पंधरा दिवस लावू नका. सगळे नंबर, सगळ्या तारखा फाईलमध्ये आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुम्ही स्वतः विचारा."

"विचारीनच. सव्वीसही जणांना. एकाचं जरी जुळलं नाही, तर हॉस्पिटल जाईल आणि तुझी नोकरीही."

"चालेल."

"आणखी एक. तुझ्या हितसंबंधांच्या घोषणेची प्रत हॉस्पिटलला आपोआप जाते. त्यांनी हरकत घेतली तर फाईल थांबते. हे माहीत आहे ना?"

ते मला माहीत नव्हतं. म्हणजे मी लिहिलेलं सर्वेश वाचणार होता! मी ओटीवर येऊन बसले. आत गेले. पुन्हा बाहेर आले. बाबांनी एकदा विचारलं, "काय गो, बरं आहे ना?" मी मान हलवली. तीन तास असे गेले.

सहाच्या सुमाराला फोन वाजला.

"सव्वीसही जुळले," मुकुल सर म्हणाले. "गुरुप्रसाद नावाचा एक गृहस्थ व्हिडिओ कॉल करा म्हणून हट्ट धरून बसला होता. मी नको म्हणालो."

मला हसायला येणार, एवढ्यात ते म्हणाले, "पण हॉस्पिटलने हरकत घेतली आहे."

"हरकत? का पण? सर, तिकडे अकरा माणसं..."

"ऐक, वाचतो." त्यांनी घसा साफ केला. "'तपासनीसांनी नात्याच्या रकान्यात एकतर्फी असे नमूद केले आहे. सदर माहिती वस्तुस्थितीला धरून नाही. दुपारी फोनवर मी स्वतः दिलेली माहितीही खोटी होती, त्याबद्दल दिलगीर आहे. तरी एकतर्फी हा शब्द वगळण्यात यावा. सर्वेश भाटकर, योजना विभाग.' खाली हॉस्पिटलचा शिक्का आहे. आणि त्याखाली पेनाने — 'सहमत. डॉ. उमा.'"

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि हसू तर थांबतच नव्हतं.

"स्वानंदी, आहेस ना? ही दुरुस्ती तुझ्या संमतीशिवाय होत नाही. ती झाली की फाईल मोकळी, आणि तो तांडेल उद्या सकाळी आठला टेबलावर." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हसू ऐकू आलं. "मग? वगळू का तो शब्द?"

"वगळा, सर," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता वगळा."